आपाची लेखी विनंती

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आमची मासिक सभा असायची. सेनगाव तालुक्यातलं एक आरोग्य केंद्र, लसीच्या फ्रीजला लागून असलेली खोली, मधे लांब टेबल, आणि त्याच्या भोवती आम्ही उपकेंद्रांच्या साऱ्या नर्सबाया. सभा म्हणजे काय, तर डॉक्टरसाहेब रागवायचे आणि आम्ही खाली मान घालून रजिस्टरं चाळायचो. रागावून झालं की चहा यायचा. चहा झाला की केंद्राचा बाबू प्रत्येकीसमोर दोन-दोन कोरे कागद सरकवायचा आणि म्हणायचा, "बाई, खाली सही करा."

आम्ही करायचो. आज कुणाला सांगितलं तर म्हणतील, या बाया येड्या होत्या काय. येड्या नव्हतो. पुढच्या महिन्यात कोणत्या दिवशी कोणत्या गावाला फिरणार याचा तक्ता आधी लिहून द्यावा लागायचा, आणि तो तक्ता कधी टिकायचाच न्हाई. कधी लस यायला उशीर, कधी गावात मयत, कधी ओढ्याला पाणी. तक्ता बदलला की नवा कागद, नव्या कागदावर नवी सही. तेवढ्या सहीसाठी उपकेंद्रावरून केंद्राला यायचं म्हणजे अर्धा दिवस जीपची वाट बघण्यात जायचा. त्यापेक्षा सह्या केलेले कागद बाबूच्या कपाटात पडून असले की तो परस्पर तक्ता लिहून वर पाठवायचा. बाबू माणूस वाईट नव्हता. आमच्या आधीच्या बायांनीही तसंच केलं होतं, आम्हीही तसंच केलं. कुणी कधी विचारलंही न्हाई.

माझ्या शेजारच्या उपकेंद्राला आपा होती. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, नोकरीची दोन वर्षं राहिलेली. त्या गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, आणि त्यांतल्या काहींची पोरंही. सारा गाव तिला आपा म्हणायचा, म्हणून आम्हीही. तिचा नवरा पिंजारी. गाद्या-रजया भरायचा, गावोगाव फिरायचा. त्याला सगळे चाचा म्हणायचे. मग एका सकाळी त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलायचा, पण ते बोलणं म्हणजे नुसता आवाज. कुणाला एक अक्षर कळायचं न्हाई. कळायचं फक्त आपाला.

उपकेंद्राच्या मागंच क्वार्टर होतं. मधलं दार उघडं ठेवलं की तपासणीच्या टेबलापासून आपाला चाचाची खाट दिसायची. टेबलाला तिनं एक जुनी साडी आडवी बांधली होती, बायांची लाज झाकायला, पण स्वतः अशी उभी राहायची की खाट नजरेआड होऊ नये. बाईचं पोट तपासता तपासता म्हणायची, "व्हय, देते, थोडं थांबा." पोटुशी बाई म्हणायची, "मी कुठं काय मागितलं आपा?" मागितलेलं असायचं चाचांनी, पाणी न्हाईतर कूस बदलायला हात. असं तिचं चाललं होतं. नोकरी आणि नवरा एका दाराच्या अंतरावर होते म्हणून चाललं होतं.

चाचांना एकटं टाकून तिला सभेला येता यायचं न्हाई. डॉक्टरसाहेबांनी ते चालवून घेतलं होतं. तिचे अहवाल मी घेऊन जायचे, आणि तिच्या सह्यांचे कोरे कागदही मीच. एक दिवस असाच तिच्या दारात उभी होते. रस्त्यावर जीपवाला हॉर्नवर हॉर्न मारून राहिला होता. आपाचे हात पिठात होते. ती हात धुऊन येईस्तोवर मी दारातून ओरडत होते, "आपा, लवकर करा, ही जीप गेली तर मी गेले." खाटेवरून चाचा मोठ्यानं काहीतरी बोलले. आपा हसली, त्यांना म्हणाली, "करते ना बाबा," आणि उभ्या उभ्या दोन कागदांवर सह्या करून माझ्या हातात दिले. चाचा काय म्हणाले ते मी विचारलं न्हाई. मला जीप पकडायची होती.

त्या दिवशी माझ्या पिशवीत तोंडातल्या फोडांना लावायच्या जांभळ्या औषधाची बाटली होती. झाकण ढिलं राहिलेलं. केंद्रावर जाऊन बघते तर पिशवीचा तळ जांभळा, आणि आपाच्या एका कागदाचा कोपरा रुपयाएवढा जांभळा. बाबूला म्हटलं, "डाग पडलाय, दुसरा आणून देऊ काय?" तो म्हणाला, "चालतंय. वर कोण बघायलंय."

ही झाली आमची रीत. आता भांडणाकडं येते.

परभणीतून आमचा हिंगोली जिल्हा वेगळा निघाला तेव्हा आम्ही खूश होतो. परभणीच्या खेपा वाचल्या. पण नवा जिल्हा म्हणजे नवी ऑफिसं. टेबलं आली, खुर्च्या आल्या, माणसं काही आली न्हाईत. मग खालून उचलायला लागले. याला ते प्रतिनियुक्ती म्हणायचे. म्हणजे कागदावर तुम्ही आपल्याच उपकेंद्राला, आणि काम करायचं भलतीकडंच. कुणाला रिपोर्टाच्या टेबलावर बसवलं, कुणाला मोठ्या दवाखान्यात धाडलं, कुणाला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रात, कारण तिथली बाई आधीच तिसरीकडं पाठवलेली. उपकेंद्राला कुलूप आणि कागदावर बाई हजर. गावातल्या बाया कुलपाला हात लावून माघारी जायच्या, आणि शिव्या आम्हाला. माझं डोकं फिरायचं.

मी युनियनची तालुका सचिव होते. हुशारीमुळं न्हाई, अक्षर चांगलं होतं म्हणून. निवेदनं लिहायला कुणीतरी लागतंच. आणि तोंड फाटकं होतं, तेही उपयोगी पडायचं. काम बंद करणं आमच्यानं व्हायचं न्हाई. कळा देत दारात आलेल्या बाईला काय घोषणा ऐकवणार? म्हणून आम्ही अहवाल बंद केले. लसी टोचल्या, बाळंतपणं केली, पण आकडा वर पाठवला न्हाई. काम बंद पडल्यानं साहेबलोकांना कधी तकलीफ होत न्हाई. आकडा थांबला की त्यांची थेट मुंबईपर्यंत पंचाईत होते. त्याच्या जोडीला वरच्या ऑफिससमोर मांडव टाकून चार दिवस धरणं धरलं. ऊन असं की मांडवाच्या कापडाखाली बायांनी सोबत आणलेली लेकरं कोमेजून गेली. आपाला येता आलं न्हाई, पण चारही दिवस तिनं जीपवाल्याच्या हाती डबा पाठवला. ज्वारीच्या भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी, आणि एका चिठ्ठीत एवढंच, की माझ्याकडूनही बसा.

चौथ्या दिवशी जिल्ह्याच्या साहेबांनी आत बोलावलं. आमचे जिल्हाध्यक्ष, अजून दोघं आणि मी. अध्यक्ष म्हणजे निवृत्तीला आलेला, मवाळ माणूस, सारखा रुमालानं मान पुसणारा. साहेब म्हणाले, प्रतिनियुक्ती पूर्ण बंद करता येणार न्हाई, काहीतरी मधला मार्ग सांगा. मी म्हटलं, सांगते, आणि तिथंच लिहून दिलं. कर्मचाऱ्याने स्वतः लेखी विनंती केल्याशिवाय कोणाचीही प्रतिनियुक्ती करण्यात येणार नाही. साहेबांनी दोनदा वाचलं, जरासे हसले आणि सही केली. मला वाटलं, हरलेला माणूस हसून वेळ मारून नेतोय.

बाहेर गुलाल उधळला. एका बाईनं मला कडेवर उचलायचा प्रयत्न केला, मी होते जाडजूड, दोघीही पडलो. येताना मुद्दाम आपाच्या गावाला उतरले. ती दारात वाट बघत होती. या सगळ्या भांडणात तिला एकच भीती होती, ती तिनं पहिल्या दिवसापासून मला सांगितली होती. "बाई, मला कुठंबी कामाला लावा, पण यांच्यापासून हलवू नका. दोन वर्षं ऱ्हायली. तेवढी इथंच जाऊ द्या." मी तिचा हात धरला आणि छातीठोकपणे म्हटलं, "आपा, आता तुमाला कुणाचा बाप हलवू शकत न्हाई. लिहून घेतलंय." तिनं माझ्या गालावरचा गुलाल पदरानं पुसला.

तीन आठवड्यांत ऑर्डर आली. आपाची प्रतिनियुक्ती, आखाडा बाळापूरच्या पलीकडच्या एका केंद्रात. म्हणजे गावातून जीपनं सेनगाव, तिथून एसटीनं हिंगोली, मग कळमनुरी, मग बाळापूर, आणि तिथून परत जीप. जायला-यायला दोन दिवस. ऑर्डरच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, आपल्या लेखी विनंतीनुसार.

आपानं ती ऑर्डर माझ्यासमोर ठेवली तेव्हा ती रडत नव्हती. गोंधळली होती. "मी कवा विनंती केली बाई? मला आठवंना गेलं. मला बी काही झालं का काय, यांच्यासारखं?" तिला खरंच वाटून राहिलं होतं की आपलंच डोकं दगा देऊन राहिलं. मी ऑर्डर उचलली आणि तशीच केंद्रावर गेले.

बाबू फाइल काढायला तयार न्हाई. मी कपाटासमोर उभी राहिले आणि म्हटलं, आज मी इथून हलत न्हाई, तुमचं जेवण इथंच मागवा. शेवटी त्यानं अर्ज दाखवला. कागद बाबूच्याच अक्षरात भरलेला. मी स्वखुशीने विनंती करते की. खाली आपाची सही. आणि वरच्या कोपऱ्यात रुपयाएवढा जांभळा डाग.

मी तो डाग बघत उभी राहिले. बाबूनं मला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, वरून फोन आला. तुमच्या केंद्रातून एक विनंती अर्ज पायजेच, असं. तुमीच तर अट घातली होती. आता विनंतीशिवाय माणूस घेता येईना, आणि माणूस तर पायजे. मग करू काय? पोरंबाळं असलेल्या बायांना काहून त्रास द्यायचा, म्हणलं. आपाचं लेकरू न्हाई, बाळ न्हाई, दोन वर्षांची तर गोष्ट."

"तिचा नवरा लोळागोळा होऊन पडलाय, ते दिसलं न्हाई?"

त्यानं अर्ज परत फाइलीत घातला. मग म्हणाला, "तुमचेबी दोन कागद होते माझ्याकडं. त्यांतला काढला न्हाई. युनियनच्या म्हणून."

हे ऐकून मला जी लाज वाटली ती सांगता येत न्हाई. एवढी वर्षं मी समजत होते की युनियन म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावरचं छप्पर. ते छप्पर बराबर माझ्या एकटीच्याच डोक्यावर निघालं.

आपानं वर अर्ज केला, की सही माझी आहे, विनंती माझी न्हाई. उत्तर आलं, सही आपली असल्याचे आपण मान्य केले आहे, सबब विनंतीही आपलीच समजण्यात येते. मग मी अध्यक्षांकडं गेले. म्हटलं, खरं काय ते सांगून टाकू. कोऱ्या कागदांवर सह्या घेतात, आम्ही देतो, हा कागद मी स्वतः नेऊन दिला, डाग माझ्या पिशवीतल्या बाटलीचा. अध्यक्षांनी रुमालानं मान पुसली. म्हणाले, "बाई, हे बाहेर पडलं तर नुसता आपाचा कागद निघणार न्हाई. तालुक्यातला प्रत्येक फिरतीचा तक्ता खोटा ठरंल. सगळ्या बायांना नोटिसा जातील. एकीसाठी सगळ्यांना खड्ड्यात घालायचं काय?"

आमच्या तालुक्याच्या बायांची बैठक घेतली. ज्या बाया मांडवात घसा फोडून ओरडल्या होत्या त्या आता चपलांकडं बघत बसल्या. एक म्हणाली, माझी बदली आत्ताच झालीय. दुसरी म्हणाली, माझे मालक रागावतील. तिसरी, जिचं बाळंतपण आपानं केलं होतं, ती म्हणाली, "आपाला वाईट वाटंल, पण ती समजून घेईल." हे समजून घेणं नेहमी आपाच्याच वाट्याला काहून, ते मी विचारलं. मला त्यांचा राग राग आला. पण खरं सांगायचं तर मीही वेगळं काही केलं न्हाई. माझी पोरगी दहावीला होती. नवरा म्हणाला, "काहून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन राहिलीस?" मी जबाब लिहिला, दोन पानांचा, चांगल्या अक्षरात. घडी घातली आणि पिशवीत ठेवला. आणि पिशवी घेऊन रोज फिरत राहिले.

नव्या जागी हजर व्हायला आपाला कार्यमुक्त केलं. न जावं तर गैरहजर, आणि शेवटच्या दोन वर्षांत गैरहजेरी म्हणजे आयुष्यभराच्या नोकरीवर पाणी. तिथं क्वार्टर न्हाई, चाचांना नेता येईना. त्यांना तिनं उपकेंद्रामागच्या त्याच खाटेवर ठेवलं आणि जावेला सोबतीला आणलं. निघताना मला म्हणाली, "अधूनमधून बघत जा बाई." बास. ते कागद तुमीच नेले होते, असं ती म्हणाली न्हाई. तिला ते माहीत होतं. एकदा जरी म्हणाली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

मी जात राहिले. दिवसाआड. तिच्या गावची कामंही माझ्याच गळ्यात आलेली, त्यामुळं जाणं व्हायचंच. उपकेंद्राला कुलूप, मागं क्वार्टरात चाचा. मधलं दार आता बंद. जाऊ बिचारी करायची सगळं, भरवायची, पुसायची, पण चाचांनी काही मागितलं की ती आधी पाणी द्यायची, मग कूस बदलायची, मग पांघरूण, मग पुन्हा पाणी. एक एक वस्तू दाखवत जायची आणि चाचा मान हलवून हलवून थकायचे. मग भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. जेवण निम्म्यावर आलं. पाठीला जखमा सुरू झाल्या. त्या मी धुवायचे, जांभळं औषध लावायचे.

मी दारात दिसले की मात्र ते प्रत्येक खेपेला तेच काहीतरी बोलायचे. आवाजाचे तेच चढउतार, डाव्या हाताचा तोच इशारा, माझ्याकडं आणि मग आतल्या चुलीकडं. मला वाटायचं मला शिव्या घालतात. वाटायचं, बराबर आहे, घाला. जावेला विचारलं तर ती म्हणायची, मला तर काही समजंना.

आपा पंधरा दिवसांनी रविवारी यायची. शनिवारी ड्यूटी करून निघायची, हिंगोलीत बहिणीकडं मुक्काम करून सकाळी पोचायची आणि दुपारी परत निघायची. अशाच एका रविवारी मी गेले. आपा चुलीपुढं होती, चेहरा उतरलेला, हाताची हाडं वर आलेली. चाचांनी मला बघितलं आणि तेच बोलले, तोच हात, आधी माझ्याकडं, मग तिच्याकडं.

मी म्हटलं, "आपा, हे मला रोज काय म्हणतात ते सांगा. खरं सांगा. शिव्या असतील तरी सांगा."

तिनं भाकरी उलटली. सांगायला तयार होईना. मी हटून बसले. शेवटी चुलीतल्या लाकडाकडं बघत म्हणाली, "शिव्या काहून देतील? ते तुमची काळजी करून ऱ्हायले. म्हणतात, बाई आली, लवकर सही करून दे, तिची जीप जाईल."

त्या दिवशी खाटेवरून ते हेच म्हणाले होते. आपा हसली होती ते यावरच. आणि नंतरचे हे सगळे दिवस, बायको घरात नसतानाही, मी दारात दिसले की तो माणूस माझी जीप चुकू नये म्हणून जीव काढून ओरडत होता. माझ्याच्यानं तिथं बसवेना. बाहेर येऊन उपकेंद्राच्या पायरीवर बसले आणि मोठमोठ्यानं रडले. आपा बाहेर आली न्हाई. भाकरी करत राहिली. तिला परत निघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी हिंगोलीला गेले आणि वरच्या ऑफिसात तो जबाब दिला. नवऱ्याला सांगितलं न्हाई, अध्यक्षांना सांगितलं न्हाई. पोच घेतली.

मग जे व्हायचं ते झालं. मला कारणे दाखवा नोटीस आली. युनियननं सचिवपद काढून घेतलं. मासिक सभेत माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या, चहा मला शेवटी. नवरा चार दिवस बोलला न्हाई. पण दुसऱ्या कुणालाही नोटीस गेली न्हाई. एकीलासुद्धा न्हाई. कारण त्या प्रत्येक तक्त्यावर खाली आमची सही होती तशी वर मंजुरीची सहीही होती, डॉक्टरांची आणि त्यांच्याही वरच्यांची. आमचे तक्ते खोटे म्हटले असते तर त्यांच्या मंजुऱ्याही खोट्या झाल्या असत्या. त्यांनाही चौकशी नकोच होती. हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आधी आलं न्हाई. ज्याला आम्ही एवढ्या भ्यालो, त्याला ते आमच्यापेक्षा जास्त भ्याले होते. एवढा साधा हिशोब कळायला चाचांच्या पाठीला जखमा व्हाव्या लागल्या, याचा संताप अजून माझ्या मनातून गेलेला न्हाई.

साहेबांनी मला एकटीला बोलावलं. नोटीस बाजूला सारून म्हणाले, "मिटवून टाकू. आपाला परत आणतो." मी म्हटलं, आणा. तर म्हणाले, "पण ती विनंतीवर गेलीय. परत आणायचं तर तिची विनंती लागेल. तुमचीच अट आहे. एक अर्ज लिहून आणा, की माझ्या विनंतीनुसार झालेली प्रतिनियुक्ती माझ्याच विनंतीनुसार रद्द करावी." मी म्हटलं, पहिली विनंती तिनं केलीच न्हाई, ते माझ्या जबाबात आहे. ते म्हणाले, "जबाब तुम्ही परत घेताय ना?"

मी तिथं भांडले. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, बाहेरचे लोक दारात जमले. काही उपयोग झाला न्हाई. खरं लिहून ठेवायचं तर आपा तिकडंच राहणार, आणि आपा पायजे तर खोटं लिहून द्यायचं. मी जबाब परत घेतला.

पुढच्या रविवारी कोरा कागद घेऊन आपाकडं गेले. त्या दिवशी मधलं दार उघडं होतं. आपानंच उघडलं असावं. मी चटईवर बसून अर्ज लिहिला. एक एक ओळ लिहिताना चीड येत होती. स्वखुशीने, हा शब्द पुन्हा लिहावा लागला. लिहून झाल्यावर सहीच्या वरची जी थोडी जागा कोरी राहिली होती तिच्यावर मी आडव्या रेघा मारल्या आणि कागद आपापुढं ठेवला.

रस्त्यावर जीप येऊन थांबली. हॉर्न वाजला. चाचांनी मान वळवली, माझ्याकडं बघितलं आणि डावा हात उचलून तेच बोलले. या खेपेला मला कुणी सांगायची गरज पडली न्हाई.

आपानं चष्मा लावला. पेन हातात घेतलं न्हाई. कागद दोन्ही हातांनी धरला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, ओठ हलवत, एकेका शब्दावर थांबत. हॉर्न पुन्हा वाजला. चाचा पुन्हा बोलले, आता जरा मोठ्यानं.

"थांबा," आपा कागदावरून नजर न काढता त्यांना म्हणाली. "जाऊ द्या तिची जीप."

मी उठून बाहेर गेले, जीपवाल्याला हातानं जा म्हटलं आणि परत आत येऊन बसले. आपा अजून दुसऱ्या ओळीवर होती.